घाण्याचं तेल, दुकानातला डबा आणि पेंडीत जाणारं आपलं अन्न

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात पाच माणसं : नवरा-बायको, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. यजमानांचं वय ४६. तपासणीत एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आलं, डॉक्टरांनी गोळी सुरू केली. घरात सूर्यफुलाचं रिफाइंड तेल येतं, महिन्याला पाच लिटरचा डबा आणि वर दोन पिशव्या, म्हणजे सात लिटर. सासूबाई म्हणतात, हे डब्याचं तेल बंद करा, घाण्यावरून करडईचं आणा. मुलगी म्हणते, चिया सीड्स आणि ऑलिव्ह ऑइल आणा. मोबाइलवर कुणी सांगतं की बियांपासून काढलेली सगळी तेलंच विषारी आहेत. ताई विचारतात, 'नेमकं कुठलं तेल आणू? आणि जवस, कारळं, तीळ यांत खरंच काही असतं का?'

ताई, बावीस वर्षं मी मराठवाड्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमचा पहिला प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी विचारला जातो. दुसरा क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आधी तुमच्या सात लिटरचा हिशेब करू. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. सात लिटर म्हणजे सहा किलोच्या वर. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोज ४२ ग्रॅम तेल झालं, आणि त्यात लहान मुलंही धरली आहेत. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरतं. तुमच्या भाज्यांत, आमटीत शेंगदाण्याचा कूट असतोच. मूठभर कुटात, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत, बारा-चौदा ग्रॅम स्निग्धांश असतो आणि तो या हिशेबात धरलेलाच नाही. तेव्हा तेल कुठलंही आणा, करडईचं, सूर्यफुलाचं किंवा परदेशातून आलेलं, माणशी ४२ ग्रॅम पोटात जात असेल तर यजमानांच्या पोटाचा घेर कमी होणार नाही. सगळ्या तेलांत एका ग्रॅमला नऊच कॅलरी असतात. 'हलकं तेल' असं काही नसतं. पातळ दिसणारं, वास नसलेलं तेलही तितकंच जड.

एक साधी गोष्ट करा. नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. भांड्यातून धार सोडू नका, चमच्याने घाला. पोहे खायच्या चमच्यात साधारण दहा ग्रॅम तेल मावतं. पाच जणांच्या भाजीला तीन चमचे पुरतात, आमटीच्या फोडणीला दोन. पाच लिटरचा डबा बत्तीस-तेहतीस दिवस चालला की समजा बरोबर चाललंय. माझ्याकडे येणाऱ्या घरांत कोलेस्टेरॉलच्या औषधाइतकाच उपयोग मी या तारखेचा झालेला पाहिला आहे, कारण सैपाक करणाऱ्या बाईला आपण किती तेल वापरतो हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं.

आता सासूबाईंच्या करडईकडे येते. त्यांचं म्हणणं मी मनापासून समजू शकते. माझ्या आजोळी ज्वारीच्या रानाच्या काठाने करडईच्या ओळी असत. काटेरी पीक, त्यामुळे गुरं आत शिरत नसत. काढणी भल्या पहाटे, दव पडलेलं असताना, कारण तेव्हा काटे मऊ असतात. बायका हाताला फडकी गुंडाळून कापत. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, आणि घाण्यावरून आलेलं पिवळंधमक तेल चटणीवर कच्चंच घेऊन भाकरी खायची. तो वास मला अजून ओळखता येतो. पुढे सोयाबीन आलं, रब्बीला हरभरा वाढला, काट्यांची काढणी करायला माणसं मिळेनात, आणि करडई मागे पडली.

पण आठवण वेगळी आणि यजमानांचा रिपोर्ट वेगळा. तेल ज्या घटकांचं बनतं त्यांना स्निग्धाम्लं म्हणतात; ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही त्यांतली दोन घराणी. करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं. हे ओमेगा-६ घराण्यातलं. सूर्यफुलात तेच साठ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींत ओमेगा-३ जवळजवळ नाही. म्हणजे सूर्यफूल सोडून करडई आणली तर स्निग्धाम्लांच्या दृष्टीने तुम्ही त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलात, एवढंच. चवीसाठी आणा, ओळखीच्या शेतकऱ्याची करडई असेल तर जरूर आणा. 'याने ब्लॉकेज निघतात' म्हणून आणू नका.

इथे एक जुना अभ्यास सांगायला हवा, कारण त्यात करडईचंच तेल होतं. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. एका गटाने लोणी, प्राण्यांची चरबी कमी करून त्याऐवजी करडईचं तेल आणि त्याच तेलाचं मार्जरीन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) खाल्लं. त्या गटाचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू जास्त झाले. जुने कागद पुन्हा काढून केलेलं त्याचं विश्लेषण २०१३ साली छापून आलं आणि त्यावर मोठी चर्चा झाली. त्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी हृदयाला घातक चरबी, असण्याची शक्यता होती, आणि दुसऱ्या अनेक अभ्यासांत लोणी-चरबीऐवजी लिनोलेइकवाली तेलं घेतल्यावर हृदयाला फायदा दिसला आहे. म्हणून 'बियांची तेलं विषारी' हे मोबाइलवरचं म्हणणं मी मान्य करत नाही. तुमचं सूर्यफुलाचं तेल विष नाही, एलडीएल वाढवणारंही नाही. पण 'ओमेगा-६ जितकं जास्त तितकं हृदय सुरक्षित' असंही कुणी छातीठोकपणे सांगू नये, एवढं त्या अभ्यासातून मी शिकले.

मग रोजचं तेल कोणतं? मी तुमच्या जागी असते तर शेंगदाण्याचं घेतलं असतं. त्यात निम्म्याच्या जवळपास ओलेइक आम्ल असतं. ऑलिव्ह तेलाचं कौतुक ज्या आम्लासाठी होतं तेच हे. लिनोलेइक तीस टक्क्यांच्या आसपास. तापवल्यावर हे तेल सूर्यफूल-करडईपेक्षा जास्त टिकतं, आणि आपल्या भाज्यांना त्याची चव ओळखीची आहे. ऑलिव्हमध्ये ओलेइक आणखी जास्त, सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं, ते तेल चांगलंच आहे. पण लातुरात वांग्याच्या भाजीला त्याची फोडणी देण्यासाठी एवढे पैसे घालवायची गरज मला दिसत नाही. एक महिना शेंगदाण्याचं आणि एक महिना करडईचं, असं केलंत तर सासूबाईंचा मानही राहील आणि दोन्ही तेलांचे गुण मिळतील. सोयाबीनचं तेलही वाईट नाही. त्यात सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-३ असतं, जे आपल्याकडच्या दुसऱ्या बहुतेक तेलांत नसतं. राइस ब्रानमध्ये, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या तेलात, ओरिझॅनॉल नावाचा एक उपयोगी घटक असतो. सरकीचं तेल रिफाइंड केलेलंच खावं, कारण कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचं अपायकारक द्रव्य असतं आणि ते शुद्धीकरणात निघून जातं.

पामतेल तेवढं घरात आणू नका. चाळीस टक्क्यांहून जास्त संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, स्निग्धाम्लं त्यात असतात, आणि फरसाण, बिस्किटं, टोस्ट, खारी यांतून ते तुमच्या घरात आधीच आलेलं आहे. पाकिटामागचा घटकांचा बारीक मजकूर वाचा, 'पामोलिन' हा शब्द सापडेल. खोबरेल तेल कोकणातल्या, गोव्यातल्या सैपाकात पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तिथे ते मासे, भात, कुळीथ आणि भरपूर चालणं यांच्यासोबत होतं. नव्वद टक्के संपृक्त असलेलं ते तेल एलडीएल १६२ असलेल्या माणसाला मी सुचवणार नाही. वरणावर चमचाभर तूप चालेल, फक्त ते त्या दिवसाच्या तीस ग्रॅममध्ये धरा.

घाण्याबद्दल मात्र मला मोकळेपणाने बोलायचं आहे. गेल्या काही वर्षांत प्रत्येक गावात 'लाकडी घाणा' अशी पाटी लागली आहे. लाकडी घाण्यात दाणे फार तापत नाहीत, तेलाचा मूळ वास, रंग आणि ई जीवनसत्त्वासारखी द्रव्यं बऱ्यापैकी राहतात. मोठ्या कारखान्यात एक्सपेलरने, म्हणजे पिळणाऱ्या यंत्राने, पिळून उरलेलं तेल हेक्झेन या द्रावकाने काढतात. मग गाळणं, रंग काढणं, वाफेने वास काढणं होतं आणि हेक्झेन उडवून लावतात. घाण्याचं तेल चांगलं, पण त्याच्या किमतीचा हिशेब घातल्याशिवाय विश्वास ठेवू नका. एक किलो शेंगदाण्याचं तेल काढायला घाण्यावर साधारण अडीच किलो दाणे लागतात. बाजारातला दाण्याचा आजचा भाव अडीचने गुणा, पेंडीचे पैसे वजा करा, मजुरी मिळवा. या आकड्यापेक्षा खूपच स्वस्त तेल कुणी 'शुद्ध घाण्याचं' म्हणून देत असेल तर त्यात दुसरं तेल आहे. दरवेळी प्रयोगशाळा गाठता येत नाही, हा गुणाकार मात्र दुकानात उभ्याउभ्या करता येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ओल धरलेल्या दाण्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे. कारखान्यात अल्कलीची प्रक्रिया होते त्यात ते बहुतांशी नष्ट होतं. घाण्याच्या तेलात ही सोय नाही. त्यामुळे फुटके, सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे 'तेलाला चालतील' म्हणून बाजूला काढायची जी सवय आहे, ती अगदी उलटी आहे. असे दाणे तेलालाही नकोत, चटणीलाही नकोत आणि गुरांनाही नकोत, कारण गाईने खाल्लेल्या विषाचा अंश दुधात उतरतो. दाणे स्वतः निवडून, कडक ऊन दाखवून घाण्यावर न्या आणि समोर पिळून घ्या. तेल स्टीलच्या भांड्यात, अंधारात ठेवा. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच काढा. खवट वास आला की मोह न ठेवता टाकून द्या.

पाकीटबंद तेल घेताना समोरच्या मोठ्या अक्षरांवर आणि फुलाच्या चित्रावर जाऊ नका. दोन तेलं मिसळून विकायला आपल्याकडे परवानगी आहे, अट एवढीच की त्यातलं कुठलंही तेल २० टक्क्यांपेक्षा कमी नसावं आणि पाकिटावर प्रमाण लिहिलेलं असावं. मागे वाचलंत की कधीकधी कळतं, पुढे ज्याचं नाव ठळक आहे ते तेल पाचवा हिस्साच आहे. अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेल्या तेलावर 'एफ' अक्षर आणि अधिकचं चिन्ह असलेली निळी खूण असते. मुलांच्या दृष्टीने ती असलेलं तेल बरं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी एवढं सविस्तर लिहायला बसले.

घाण्यावर अडीच किलो दाणे घालून आपण किलोभर तेल घरी आणतो. दाण्यांत शेकडा पंचवीसच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे अडीच किलोत सहाशे ग्रॅमहून जास्त प्रथिनं. तेलात त्यातलं काहीही येत नाही. सगळी प्रथिनं, सगळा चोथा, कॅल्शियम, लोह, जस्त, बहुतेक ब जीवनसत्त्वं पेंडीत जातात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, तर एका किलो तेलामागे एका माणसाची बारा दिवसांची प्रथिनं आपण घाण्यावर सोडून येतो. गुरांना ती मिळतात, ते वाया जाणं नव्हे. पण ज्या घरातल्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊवर आहे आणि आजीची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्या घरातली चर्चा 'तेल कुठलं' यावरच थांबते तेव्हा मला फार वाईट वाटतं. बी अख्खं खाल्लं तर तेलही मिळतं आणि पेंडही.

आणि आपल्याकडे ते खायची पद्धत होती. तिचं नाव चटणी. पानात डाव्या बाजूला जवसाची, कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी असे, आणि भाजी नसली तरी भाकरी होऊन जाई. भाजी परवडायला लागली तशी ही चटणी 'गरिबीची' म्हणून ताटातून उठली. तिच्या जागी लोणचं आणि शेव आली.

जवस घ्या. शंभर ग्रॅम जवसात अठरा ग्रॅम प्रथिनं, पंचवीस ग्रॅमच्या वर चोथा आणि वीस-बावीस ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. सूर्यफूल-करडईच्या तेलात नेमकं जे नाही ते. मोठ्या पुरुषाला हे आम्ल दिवसाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम पुरेसं मानतात. सात-आठ ग्रॅम जवसाची पूड, म्हणजे पोह्याचा एक भरलेला चमचा, ही गरज भागवते. मुलीला सांगा, चियामध्येही हेच आम्ल असतं, शंभर ग्रॅमला सतरा-अठरा ग्रॅम. मेक्सिकोकडचं ते बी चांगलंच आहे, पण आपल्या रानातलं जवस त्याच्यापेक्षा कुठेही कमी नाही आणि भाव कितीतरी उतरता आहे.

मात्र जवस अख्खं गिळू नका. त्याचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असतं, दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, मग कुटा. जवसात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, भाजल्याने ती कमी होतात. रोजच्या एक-दोन चमच्यांना काही होत नाही, वाटीभर कच्चं जवस मात्र कुणी खाऊ नये. कुटलेली पूड हवेने लवकर खवट होते, म्हणून पंधरा दिवसांची करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. जवस खाल तेव्हा पाणी भरपूर प्या, नाहीतर एवढ्या चोथ्याने पोट साफ होण्याऐवजी अडतं.

जवसाच्या तेलाबद्दल बरेच जण विचारतात. विदर्भात ते पूर्वी सैपाकाला वापरत, आजही ठेच्यावर, झुणक्यावर कच्चं घेणारे लोक आहेत. कच्चं घ्या, पण तापवू नका. हेच तेल सुतार लाकडाला चोपडतात, चित्रकार रंगात कालवतात, कारण हवा लागली की ते घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. जे लाकडावर उपयोगी तेच कढईत अडचणीचं. पुऱ्या तळायला ते अजिबात नको.

आणि एक प्रामाणिक गोष्ट सांगते. जवसातलं ओमेगा-३ माशातल्या ओमेगा-३ सारखं नाही. शरीर त्यातला अगदी थोडा भाग माशातल्या प्रकारात बदलू शकतं. मासे खाणारं घर असेल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, रस्स्यातली, जवसाच्या पुढे आहे. पूर्ण शाकाहारी घराला मात्र जवसाइतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही मला माहीत नाही.

तिळाचं वेगळंच. टरफलासकट तिळात शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढरेशुभ्र, सोललेले तीळ दुकानात छान दिसतात, पण टरफलाबरोबर जवळजवळ सगळं कॅल्शियम निघून गेलेलं असतं. गावरान, मळकट दिसणारे तीळच घ्या. एक चमचा, दहा ग्रॅम, म्हणजे शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम. टरफलातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या द्रव्याशी बांधलेलं असतं, ते सगळं अंगी लागत नाही, म्हणून तीळ खाऊन दूध-ताक बंद करू नका. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतात, लेकुरवाळ्या भाजीत तिळाचा कूट पडतो. ती भाजी वर्षातून एकदाच का करायची? वांगी-घेवड्याच्या कुठल्याही भाजीत निम्मा शेंगदाण्याचा आणि निम्मा तिळाचा कूट घाला. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी नैसर्गिक टिकाऊ द्रव्यं असतात, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. लोणच्याला ते उगाच वापरत नाहीत.

कारळं, ज्याला नाशिककडे खुरासणी म्हणतात, ते मूळचं इथिओपियातलं. पण सुरगाणा, पेठच्या डोंगरउतारांवर ते असं रुजलं आहे की परकं वाटत नाही, पिवळ्या फुलांनी अख्खा उतार भरतो. शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि चांगलं लोह. तेलाच्या बाबतीत ते करडईच्या जातीचं, लिनोलेइक जास्त. म्हणून ओमेगा-३ साठी जवस आणि चवीला, प्रथिनांना कारळं, असं मी सांगते. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटलेली कारळ्याची चटणी तेल सुटेपर्यंत कुटली तर वरून तेल घ्यावं लागत नाही.

बाळंतिणीला अहळिवाचे लाडू देतात, त्याबद्दल एक सुधारणा. जुन्या पोषणतक्त्यांत अहळिवात शंभर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह लिहिलेलं होतं आणि तो आकडा सगळीकडे पसरला. नव्या तपासणीत तो त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला. तरीही अहळीव चांगलंच आहे, लाडू करा. पण हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बाईने लाडवाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या सोडू नयेत. हे मी कळकळीने सांगते, कारण दोन-तीन वेळा तसं घडलेलं मी जवळून पाहिलं आहे. कुठल्याही बियांतलं लोह अंगी लागायला जोडीला लिंबू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर असावी आणि जेवण झाल्या झाल्या चहा नसावा.

लाल भोपळ्याच्या बिया फेकू नका. धुवून वाळवून, भाजून मुलांना सोलायला द्या. बियांच्या शंभर ग्रॅम गरात सात मिलिग्रॅमच्या वर जस्त असतं आणि तीस ग्रॅमपर्यंत प्रथिनं.

सासूबाईंचा रक्तदाब असेल तर चटणीतलं मीठ जपून. दोन चमचे चटणीबरोबर दोन चिमूट मीठ नकळत जातं. त्यांची वेगळी काढा, आमचूर किंवा लिंबाने चव आणा. आणि बियांची चटणी वाढवाल तेव्हा तेल तेवढं उतरवायला हवं, नाहीतर कॅलरी वरच जातील. मी माणशी रोज दोन पोहे-चमचे चटणी धरते, त्यात जवस रोज आणि तीळ-कारळं आलटून पालटून. त्या बदल्यात भाजीतला एक चमचा तेल कमी.

तळणाबद्दल थोडंच. महिन्यातून दोनदा पुऱ्या-भजी झाली तर बिघडत नाही. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत भाजीला संपवा, त्यात नवं तेल मिसळून पुन्हा तळण काढू नका. धूर आलेलं, फेसाळणारं, घट्टसर झालेलं तेल वाया गेलं म्हणून समजा. हॉटेलांना वापरलेल्या तेलात 'एकूण ध्रुवीय संयुगं', म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांपर्यंतच चालतात, असा नियम २०१८ पासून आहे. गाडीवरच्या काळ्या कढईला तो लावून बघणारं कुणी नसतं. वनस्पती तुपातल्या आणि तेलातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात तो थोडाफार पुन्हा तयार होतो.

आता यजमानांसाठी. गोळी सोडू नका. तेल बदलल्याने, जवस खाल्ल्याने एलडीएल थोडं उतरेल, १६२ चं शंभरावर येणार नाही. ट्रायग्लिसराइड २४० आहे त्याचा संबंध तेलापेक्षा साखरेच्या चहाशी, रात्रीच्या भाताच्या ढिगाशी, दारू असेल तर दारूशी, आणि जेवून लगेच झोपण्याशी जास्त आहे. दिवसाचे चार चहा दोन करा, साखर निम्मी करा. रात्री एक भाकरी, भरपूर भाजी, ताक आणि चटणी. तीन महिन्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करा, आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत त्या तीन महिन्यांत फोडलेल्या डब्यांवरच्या तारखाही एका कागदावर लिहून न्या.